युटाच्या कॅन्यनमधला रानवाटाणा: हर्बेरियमचे रेकॉर्ड कसे वाचायचे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू साइनेटवरून, म्हणजे अमेरिकन हर्बेरियमांच्या (झाडं वाळवून एकेका कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवून ठेवलेल्या संग्रहांच्या) ऑनलाइन डेटाबेसवरून, लॅथायरस ब्रॅकिकॅलिक्स या रानवाटाण्याचे सगळे रेकॉर्ड उतरवून घेतलेस, नकाशावर टाकलेस, आणि आता एक ठिपका लेक पॉवेल या धरणाच्या तळ्यात पडलाय, एक चक्क चीनमध्ये, एकाच नंबरच्या तीन शीटांना तीन वेगळी नावं आहेत आणि बरीचशी झाडं एक जानेवारीला गोळा केलेली दिसतायत. मे महिन्यात अमेरिकेतल्या दक्षिण युटात जाऊन हा वाटाणा फुललेला बघायचाय, म्हणून विचारतोयस की हे विचित्र ठिपके उडवून उरलेल्यांवर भरवसा ठेवू का. ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, आणि पहिलीच गोष्ट सांगते, काही उडवू नकोस. निदान आत्ता तरी नको. विचित्र दिसणारे बरेच ठिपके खरे निघतात आणि शहाण्यासारखे रांगेत बसलेले चुकलेले असतात, हे मी वीस-बावीस वर्षं शीट हाताळून शिकलेय, तेही सुरुवातीला बरीच माती खाऊन.

आधी झाडाबद्दल थोडं, कारण ते माहीत नसलं तर लेबलवरच्या चुका लक्षातच येत नाहीत. हा आपल्या लाखोळीचा भाऊबंद. भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधी बांधीत उतेरा म्हणून जी लाख टाकतात ती लॅथायरस सॅटायव्हस, बागेतला स्वीट पी म्हणजे लॅथायरस ओडोरॅटस, आणि हा त्याच घराण्यातला पण वाळवंटात राहायला गेलेला. बारमाही आहे, जमिनीखालचं खोड वाळूत लांबवर पळत जातं, वरचा भाग दरवर्षी नव्याने येतो आणि उन्हाळ्यात वाळून जातो. फुलं गुलाबी-जांभळी, एका दांड्यावर मोजकीच, पानाच्या टोकाला तणावे. ब्रॅकिकॅलिक्स म्हणजे आखूड कॅलिक्सवाला, कॅलिक्स म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा पेला. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या रिडबर्गने 1907 मध्ये हे नाव दिलं. हे साल लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता शीट. मी पुण्यात शिकले तेव्हा आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीतून नमुने आणायचो, आणि दिवसातून दोनदा पेपर बदलूनही बुरशी यायचीच, स्टोव्हच्या उबेवर प्रेस, म्हणजे नमुने दाबून वाळवायची चौकट, ठेवून रात्र काढलेली आठवतेय. युटात उलटं. प्रेस गाडीच्या टपावर बांधला की दीड दिवसात सगळं कडकडीत, पण मग हात लावला की पर्णिका गळतात, फुलं गळतात, शेंगा तडकून पिळवटतात आणि दाणे उडून जातात. म्हणून शीटच्या कोपऱ्यात कागदाची घडी करून एक छोटं पाकीट चिकटवलेलं असतं आणि गळलेला सगळा माल त्यात जातो. तू शीटांचे जे फोटो ऑनलाइन बघतोयस त्यात ते पाकीट बंद असतं. बहुतेक लोकांच्या हे डोक्यातच येत नाही, की ओळख ज्या फुलावरून पटायची ते फुल फोटोत नाहीच आहे, ते त्या घडीत आहे आणि घडीवर फक्त सावली दिसतेय.

एक उदाहरण सांगते. एका शीटवर मूळ लेबल होतं लॅथायरसचं, त्याच्या वर नंतर कुणीतरी चिठ्ठी लावलेली व्हिसिया अमेरिकाना म्हणून. व्हिसिया ही वाटाण्याच्याच कुळातली वेगळी वेल, व्हिसिया अमेरिकाना युटात भरपूर आहे, तिलाही तणावे असतात, फुलंही जांभळीच, सुकल्यावर दोघांचाही रंग उडून निळसर-तपकिरी होतो, म्हणजे रंगावर जायची सोयच नाही. पाकीट उघडलं तर आधी चिमूटभर लाल वाळू पडली, मग दीड फुल. परवानगी घेऊन त्यातलं अर्धं फुल छोट्या बीकरमध्ये टाकलं, पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि गरम करत ठेवलं. दहा मिनिटांत पाकळ्या मऊ होऊन पसरल्या, जणू कालचंच फुल. मग सुईने आतली नौकेसारखी पाकळी बाजूला केली आणि कुक्षिवृंत, म्हणजे कॉलेजात आपण ज्याला स्टाइल म्हणायचो तो, मायक्रोस्कोपखाली धरला. चपटा, आणि आतल्या एकाच बाजूला केस, अगदी टूथब्रशसारखे. व्हिसियात ते केस टोकाच्या खाली झुपक्याने असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. म्हणजे मूळ लेबल बरोबर होतं आणि सुधारणा करणाऱ्याने चूक केली होती. डेटाबेसमध्ये मात्र ते रेकॉर्ड कित्येक वर्षं व्हिसियात मोजलं गेलं, कारण सहसा शेवटची चिठ्ठी जिंकते. तू फक्त ब्रॅकिकॅलिक्स या नावाने शोधलंस म्हणजे असली शीट तुझ्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि उलट बाजूने आलेली पाहुणी मंडळी तुझ्या यादीत असतील. गावाजवळच्या रेकॉर्डांवर विशेष नजर ठेव, तिथे बागेतून पळालेला लॅथायरस लॅटिफोलियस असू शकतो. त्याच्या खोडाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी असते, ती फोटोतसुद्धा दिसते.

नावांचं त्रांगडं इथे संपत नाही. 1907 च्या आधीच्या शीटच्या मूळ लेबलवर ब्रॅकिकॅलिक्स हे नाव असणंच शक्य नाही, त्यामुळे जुन्या लेबलांवर ऑर्नाटस वगैरे नावं सापडतात आणि ती त्या काळाच्या हिशेबाने चुकीची नाहीत. मग 1917 मध्ये बटर्स आणि सेंट जॉन यांनी युकॉस्मस वेगळा काढला. 1952 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सी. लिओ हिचकॉकने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या लॅथायरसांचा पुन्हा आढावा घेतला आणि झायन कॅन्यनच्या बाजूच्या झाडांना झायोनिस असं स्वतंत्र नाव दिलं. नंतर ब्रिगॅम यंग विद्यापीठातल्या स्टॅन्ली वेल्शने हे दोन्ही ब्रॅकिकॅलिक्सचेच प्रकार म्हणून आत घेतले. आता काही डेटाबेस वेल्शचं ऐकतात, काही हिचकॉकचं. म्हणून तीनही नावांनी शोध, ब्रॅकिकॅलिक्स, झायोनिस, युकॉस्मस, आणि मग एकत्र करून बघ. भेद काय म्हणशील तर कॅलिक्सचे दात किती लांब, फुल किती मोठं, पर्णिका किती अरुंद, असल्या गोष्टी, आणि एकाच उतारावर सगळं मधलं-अधलं दिसतं तेव्हा कपाळाला हात लावायची वेळ येते. मला विचारशील तर वेल्शचं बरोबर वाटतं, पण झायोनिसवाल्यांशी मी वाद घालत नाही, संध्याकाळ वाया जाते. (हिचकॉकच्या नावाचा वाटाणाही आहे, हिचकॉकियानस, तो नेवाडातल्या बुलफ्रॉग हिल्सच्या बाजूचा, 1971 मध्ये बार्नबी आणि रिव्हीलने त्याच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव. तो तुझ्या वाटेवर नाही.)

चिठ्ठी वाचताना दोनच गोष्टी बघायच्या, कुणी आणि कधी. 1952 च्या पुढेमागे हिचकॉकने स्वतः लावलेली चिठ्ठी असेल तर ती सोन्यासारखी, कारण त्याने शेजारी-शेजारी ढिगाने शीट ठेवून निर्णय घेतलेला असतो. आणि कधीकधी असं असतं की चिठ्ठीच नसते, पण डेटाबेसमधलं नाव बदललेलं असतं, कारण सॉफ्टवेअरने समानार्थी नावांच्या तक्त्यावरून आपोआप बदललं. शीटकडे कुणी बघितलेलं नसतं. ते नाव म्हणजे मत नव्हे, हिशेब आहे फक्त.

तीन शीट, एक नंबर, तीन नावं. हे डुप्लिकेट. गोळा करणारा माणूस एका जागी एका झुडपाच्या पाच-सहा फांद्या घेतो, सगळ्यांना एकच नंबर देतो आणि मग एक प्रोव्होला, एक लोगनला, एक लॅरामीला, एक न्यूयॉर्कला असं वेगवेगळ्या हर्बेरियमांना वाटून टाकतो. बदल्यात तिकडची शीट येतात, देवाणघेवाण असते ती. प्रत्येक हर्बेरियम आपापलं नाव ठरवतं, आपापले को-ऑर्डिनेट्स टाकतं, आणि जीबीआयएफवर, म्हणजे जगभरच्या अशा नोंदी एकत्र करणाऱ्या डेटाबेसवर, ते सगळे वेगवेगळे रेकॉर्ड म्हणून येतात. म्हणजे तुझ्या नकाशावर जिथे वाटाणा दाट दिसतोय तिथे तो दाट असेलच असं नाही, तिथे कुणीतरी उदार माणूस येऊन गेलेला असू शकतो. गोळा करणाऱ्याचं नाव, नंबर आणि तारीख या तिन्हींवर एकत्र कर, जागेवर नको, कारण जागा तिघांनी तीन ठिकाणी टाकलेली असते. पण एकत्र केल्यावर बाकीच्या ओळी फेकू नकोस, कारण एका शीटवर फुल असतं, दुसऱ्यावर शेंग, तिसऱ्यावर लेबल जास्त नीट टाइप केलेलं.

डुप्लिकेट वाटण्याचा खरा फायदा आग लागल्यावर कळतो. 1906 च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळत होतं तेव्हा ॲलिस ईस्टवूडने कॅलिफोर्निया ॲकॅडमीच्या पडत्या इमारतीतून सुमारे 1500 नमुने, मुख्यतः टाइप शीट (ज्यावरून जातीला नाव दिलं ते मूळ नमुने), दोरीने खाली उतरवून वाचवले, बाकी जवळजवळ सगळं गेलं, दुसरीकडे ज्यांचे डुप्लिकेट होते तेवढेच उरले. हीच ईस्टवूड 1895 मध्ये आग्नेय युटाच्या कॅन्यनमधून झाडं गोळा करत घोड्यावरून हिंडली होती. तुझ्या यादीत या भागातलं 1890 च्या दशकातलं काही आलं तर गोळा करणाऱ्याचं नाव आवर्जून बघ, ती नाहीतर मार्कस जोन्स असण्याची शक्यता बरीच. जोन्सने 1894 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी दक्षिण युटात खूप मोठी फेरी केली. त्याचा संग्रह 1923 मध्ये पोमोना कॉलेजला विकला गेला, म्हणून युटाची इतकी जुनी शीट कॅलिफोर्नियात.

आता जागा. इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो आणि इथेच मला बोलायला सगळ्यात जास्त आवडतं, सहन कर.

तुझ्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आहेत ते दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत, बघून वाटतं की मीटरभर अचूक. पण 1894 मध्ये जीपीएस नव्हता. ते आकडे शंभर वर्षांनी कुणीतरी खुर्चीत बसून, बहुतेक उन्हाळी नोकरीवरच्या विद्यार्थ्याने, लेबल वाचून टाकलेत. लेबलवर काय असतं? 'कनाबच्या दक्षिणेला 10 मैल, युटा'. आता कनाब ॲरिझोनाच्या सीमेला इतकं खेटून आहे की दक्षिणेला 10 मैल गेलास की तू ॲरिझोनात असतोस. मग गोळा करणाऱ्याने राज्य चुकवलं, की 10 मैल वळणावळणाच्या वाटेने मोजले, की दक्षिण म्हणजे जरा आग्नेय? विद्यार्थी बिचारा युटा बघून सीमेच्या अलीकडे ठिपका ठेवतो आणि चहा प्यायला जातो. म्हणून को-ऑर्डिनेट्सच्या शेजारचा अनिश्चिततेचा रकाना बघ, मीटरमध्ये दिलेला. तो रिकामा असेल तर त्या ठिपक्याला मी तरी ठिपका म्हणणार नाही. आणि व्हर्बेटिम लोकॅलिटी नावाचा रकाना असतो, त्यात लेबलवरचे शब्द जसेच्या तसे असतात, तो वाचल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

काही लेबलांवर टाउनशिप, रेंज, सेक्शन असतं, टी-आर-एस. हे अमेरिकन सरकारी मोजणीचे चौकोन, टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, त्यात 36 सेक्शन, एकेक साधारण एक चौरस मैलाचा. सेक्शनच्या मध्यावर ठिपका ठेवला तर खरी जागा त्यापासून जास्तीत जास्त 1.1 किलोमीटरवर, म्हणजे ठीक आहे. फक्त टाउनशिप दिलं असेल तर ती चूक 6.8 किलोमीटरपर्यंत जाते. आणि लेबलवर फक्त काउंटी असेल, तर काही लोक काउंटीच्या मधोमध ठिपका ठेवून मोकळे होतात. सान हुआन काउंटी साडेवीस हजार चौरस किलोमीटर आहे, आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा नगर जिल्हा सतरा हजार. म्हणजे 'नगर जिल्ह्यात सापडलं' असं लिहिलेलं असताना बरोब्बर मध्यावर खूण करून तिथे शोधत फिरायचं.

कॅन्यनच्या मुलखात एक किलोमीटर म्हणजे काय हे सपाटीवरच्या माणसाला कळत नाही. झायनमध्ये भिंती दोन हजार फूट उभ्या आहेत. तळात नदीकाठी कॉटनवूडची झाडं, भिंतीत जिथे नाव्हाहो सँडस्टोन संपून खालचा केयेंटा थर सुरू होतो तिथून पाणी झिरपतं आणि हिरव्यागार टांगत्या बागा, आणि वर कड्यावर पिनयन-ज्युनिपर नाहीतर पाँडेरोसा पाइन. नकाशावर हे तिन्ही एकाच चौकोनात. तू पुढे जाऊन हवामानाचे आकडे लावून झाड कुठे उगवू शकेल याचं मॉडेल करायचं म्हणतोयस ना, ते आकडे साधारण एक किलोमीटरच्या चौकोनाचे असतात, म्हणजे कड्याचं आणि तळाचं तापमान ढवळून केलेली मिसळ. ठिपका दोनशे मीटर सरकला तर झाड तळातून माथ्यावर जातं.

हे दोनशे मीटर मी उगाच नाही म्हणत. जुने सरकारी टोपो नकाशे, ते 1:24000 वाले, नॅड-27 डेटमवर होते (डेटम म्हणजे को-ऑर्डिनेट्स कुठल्या पायावर मोजायचे ते ठरवणारी चौकट), आणि जीपीएसचा मूळ डेटम डब्ल्यूजीएस-84. युटात या दोन्हींमध्ये यूटीएमचे (जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीचे) आकडे उत्तर-दक्षिण साधारण दोनशे मीटरने वेगळे येतात. मी एका वर्षी नकाशाशी जुळावं म्हणून जीपीएस नॅड-27 वर ठेवला आणि लेबल छापताना डेटम लिहायचा विसरले. एक आख्खा सीझन. पुढच्या वर्षी माझ्याच लेबलवरून एक मुलगी माझाच वाटाणा शोधायला गेली आणि संध्याकाळी फोन करून म्हणाली की तुमचा पॉइंट कड्याच्या बाहेर हवेत आहे. ती शीट मी नंतर एकेक काढून पेन्सिलने दुरुस्त केली, पण त्यांचे डुप्लिकेट आधीच चार गावांना गेले होते, त्यातले किती दुरुस्त झाले देव जाणे.

मग जुनी नावं. लेबलवर 'ग्रँड रिव्हर' असेल तर ती कोलोरॅडो नदीच. ग्रीन नदीच्या संगमाच्या वरचा भाग 1921 पर्यंत ग्रँड म्हणून ओळखला जायचा, मोआबजवळून जाते तीच. 'मुकुंतुवीप' असेल तर ते झायन. 1909 मध्ये त्याच नावाने राष्ट्रीय स्मारक झालं, 1918 मध्ये नाव बदललं, 1919 मध्ये नॅशनल पार्क झालं. 'थर्बर' म्हणजे आजचं बिकनेल आणि 'ग्रेसन' म्हणजे ब्लँडिंग. याची गोष्ट मजेशीर आहे, थॉमस बिकनेल नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने सांगितलं की जे गाव माझं नाव घेईल त्याला हजार पुस्तकांची लायब्ररी देतो, दोन गावं तयार झाली, मग एकाने त्याचं नाव घेतलं, दुसऱ्याने त्याच्या बायकोचं माहेरचं, आणि पुस्तकं अर्धी-अर्धी वाटून घेतली. त्यामुळे 1910 च्या दशकाआधीची शीट आधुनिक नकाशात गाव शोधून बसवायला गेलास की फसशील. आणि 'कॉटनवूड कॅन्यन' एवढंच लिहिलं असेल तर सोडून दे, युटात त्या नावाच्या जागा आपल्याकडच्या वडगावांसारख्या आहेत.

चीनवाला सोपा आहे. रेखांशाच्या आधीचं वजा चिन्ह गळलंय. 37 उत्तर, वजा 112 म्हणजे दक्षिण युटा, आणि वजा काढलं की तू थेट शान्शी प्रांतात. दुरुस्त करून टाक, चांगला रेकॉर्ड आहे तो.

लेक पॉवेलमधला ठिपका मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय, आणि तू नेमका तोच आधी उडवायला निघाला होतास. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च 1963 मध्ये बंद झाले. त्याच्या आधी तिथे तळं नव्हतंच, नदी होती आणि तिला मिळणाऱ्या आडव्या-तिडव्या घळी. धरण होणार हे ठरल्यावर युटा विद्यापीठाच्या लोकांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी त्या सगळ्या भागाची घाईघाईने पाहणी केली, पुरातत्त्वाचीही आणि झाडा-प्राण्यांचीही. पाणी चढत चढत 1980 मध्ये तळं पूर्ण भरलं, आणि पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 3700 फूट. म्हणजे तुला दोनच गोष्टी बघायच्यात, लेबलवरची तारीख आणि उंची. तारीख 1963 च्या आधीची आणि उंची 3700 फुटांच्या खाली असेल तर तो ठिपका बरोबर जागी आहे, तळं नंतर आलंय. मग ते शीट म्हणजे बुडालेल्या घळीतल्या झाडाचा पुरावा, दुसरा कुठेच मिळणार नाही असा. तारीख 1980 नंतरची असेल (पाणी खूप उतरलं ती अलीकडची वर्षं सोडून) किंवा उंची 4200 वगैरे असेल तर मात्र ठिपका घसरलाय, कुणीतरी 'लेक पॉवेलजवळ' वाचून तळ्याच्या मधोमध ठेवलाय. 1963 ते 80 मधलं असेल तर जरा कटकट आहे, त्या वर्षी पाणी कुठवर होतं ते बघावं लागेल. आणि हो, जुन्या उंच्या ॲनेरॉइडने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने, मोजलेल्या किंवा नकाशावरून अंदाजाने लिहिलेल्या असतात, शे-दोनशे फूट इकडेतिकडे धर. 2023 मध्ये पाणी भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं तेव्हा कित्येक घळी परत उघड्या पडल्या, तिथे आता काय उगवतंय हे बघायला लोक असल्याच शीटांकडे परत येतात.

तारखांचं थोडक्यात. एक जानेवारी म्हणजे फक्त साल माहीत होतं आणि सॉफ्टवेअरला पूर्ण तारीख हवी होती. ते रेकॉर्ड जागेसाठी वापर, फुलण्याच्या हंगामासाठी नको. दुसरा सापळा आपल्या लोकांसाठी खास आहे. 6/5/32 हे अमेरिकन लेबलवर जून 5, आपण वाचतो 6 मे. मी पहिल्या वर्षी असं एक आख्खं पाकीटभर काम उलटं टाइप केलं आणि माझा वाटाणा महिनाभर आधी फुलला, बॉस खूश होऊन हवामानबदल म्हणायला लागल्या होत्या. महिना रोमन आकड्यांत असेल, 5.VI असा, तर उलट निश्चिंत. साल 1832 दिसलं तर शीट बघ, ते 1932 असणार, त्या मुलखात 1832 मध्ये वाटाणे दाबत बसलेलं कुणी नव्हतं.

आता तुझा मूळ हेतू, झाड कुठे सापडेल. ठिपके जिथे आहेत तिथे रस्ते आहेत, हे मनात पक्कं कर. झायन-माउंट कार्मेलचा बोगदा 1930 मध्ये उघडला. तुझ्या यादीतले बोगद्याच्या पूर्वेकडचे रेकॉर्ड सालवार लाव आणि 1930 च्या अलीकडे-पलीकडे काय होतं ते तूच बघ, पूर्वेला वाटाणा काही तेव्हा उगवायला लागला नव्हता. हंगामाचंही तसंच. एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर 1938 मध्ये नॉर्मन नेव्हिल्सच्या बोटींतून ग्रीन रिव्हर गावापासून लेक मीडपर्यंत गेल्या, ग्रँड कॅन्यनमधून बोटीने पार झालेल्या पहिल्या दोघी बायका, आणि वाटेत रोज झाडं दाबत गेल्या. पण निघाल्या 20 जूनला. तळातल्या उन्हात तोपर्यंत असले वाटाणे शेंगा टाकून वाळलेले असतात. त्यांच्या यादीत एखादं वसंतातलं झाड नाही म्हणून ते नदीकाठी नव्हतंच असं म्हणता येत नाही, त्या वेळेला तिथे कुणी गेलं नव्हतं एवढंच. विद्यापीठांच्या सहली सेमिस्टर संपल्यावर निघतात, म्हणून मे अखेर आणि जूनची शीट ढिगाने असतात. त्यावरून फुलायचा काळ काढशील तर झाडाचं कमी आणि परीक्षांचं वेळापत्रक जास्त निघेल.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. अनिश्चितता हजार मीटरच्या आत आहे आणि तारीख पूर्ण आहे अशी शीट बाजूला काढायची, त्यांचे फोटो एकेक उघडून फुल आहे की शेंग हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग उंची आणि तारीख एकमेकांसमोर मांडायची. खालच्या उंचीवर एप्रिलमध्ये, वर जाल तसतसं मे, जून, असं सरकताना दिसेल. मग रस्त्यापासून फार लांब जायची गरज नाही, वाळूचे उतार, ओकच्या झुडपांच्या कडा, ज्युनिपरच्या सावलीतली जागा बघ, हा वाटाणा दुसऱ्याच्या अंगावर तणावे टाकून चढतो त्यामुळे उघड्या वाळूपेक्षा झुडपाच्या आत डोकं घालून शोधावं लागतं. कोरड्या वर्षी तो वर येऊनही फुलत नाही, दोन पानं दाखवून झोपतो, तेव्हा नाही सापडला तर रेकॉर्ड खोटा म्हणू नकोस.

पार्कमध्ये परमिटशिवाय पानसुद्धा तोडायचं नाही. फोटो घे, आणि फुलाचा समोरून सुंदर फोटो घेऊन थांबू नकोस, सगळे तेच करतात आणि मग आम्हाला नाव सांगता येत नाही. कॅलिक्स बाजूने, दात दिसतील असा. पानाच्या बुडाशी असलेली उपपर्णं. तणावा टोकापर्यंत. जमलं तर शेंग. फोनचा डेटम बघायची गरज नाही, तो डब्ल्यूजीएस-84 च असतो, पण घळीत उपग्रह दिसत नाहीत आणि ठिपका उडत राहतो, तेव्हा अचूकतेचा आकडा खाली येईपर्यंत मिनिटभर उभा राहा. उभा राहा म्हणजे खडकावर नाहीतर पायवाटेवर, ती काळी खडबडीत ढेकळांसारखी माती दिसते ना, तिच्यावर पाय नको, ती जिवंत असते आणि एका बुटाच्या ठशाला भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

आणि ते तळ्यातलं शीट. फोटोत लेबलच्या आसपास बारकोड असेल, त्याचा नंबर मला पाठव, गोळा करणाऱ्याचं नाव आणि साल मी तेवढ्यावरून बघू शकते. पाकीट आहे का तेही बघून सांग.